दोन सूत

आमच्या दुकानात तिला पाहुणी म्हणत. नाव काजवाल्या काकूंनी ठेवलेलं. काकू कोटांना काजं करतात, बावीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर, त्याच उशीवर. दुकानात कुणाला काय म्हणायचं ते त्याच ठरवतात. पाहुणी रोज सगळ्यांच्या आधी यायची, पिण्याचं पाणी भरून ठेवायची, सगळ्यांनंतर जायची. असं दोन वर्षं चाललं तरी ती पाहुणीच. मी एकदा काकूंना म्हटलं, "दोन वर्षं राहिलेली बाई पाहुणी कशी?" त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "अहो ताई, कधी जाणार असं जिला विचारता येत नाही, ती पाहुणी."

दुकान माझ्या धाकट्या भावाचं. शिंपी आहे तो, गाव त्याला मास्तर म्हणतं. मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि बटण लावण्यापलीकडे शिवणातलं मला काही येत नाही. पण मास्तरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने पहिल्यापासूनच धड दिसत नाही; डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे वाकायचं नाही, कात्री धरायची नाही. म्हणून गिऱ्हाइकांशी बोलायला मी जाऊन बसले. मास्तर दिवसभर खुर्चीत बसून सूचना करायचा. आजारी माणसाला हुकूम सोडायला फार वेळ मिळतो.

पाहुणी पंचेचाळिशीची, उंच, खांद्यात जराशी वाकलेली. सासूला घेऊन परदेशातून आली होती. तिकडे काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं, तेही मोजून तीन वाक्यांत. नवरा कामावरून परत आला नाही. मग घराची भिंत गेली. सासू म्हणाली, चल. सासूसुनेचं जगात कुठे पटत नाही म्हणतात. या दोघी एकमेकींचा हात धरून तीन सरहद्दी ओलांडून आल्या आणि इथे खोली मिळाल्यावर भांडायला लागल्या. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

खोली टायरच्या दुकानाच्या वर होती. मी एकदा गेले होते. एक पलंग, एक स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले मोजे, आणि एकच खिडकी, तीही उत्तरेची. मी म्हटलं, कुणीतरी अंधारी खोली गळ्यात मारली तुमच्या. तर ती खोली तिने शोधून घेतलेली होती. उत्तरेच्या उजेडात ऊन सरकत नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापड एकसारखं दिसतं, असं तिने मला समजावलं. ज्या खोलीत रबराच्या वासाने माझं डोकं दुखायला लागलं, तिथे तिला फक्त उजेड दिसला होता.

कारण तिचं काम रफूचं. कसर लागलेलं, जळलेलं, फाटलेलं कापड घ्यायचं, त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून दोरे ओढून काढायचे, आणि उभा-आडवा, उभा-आडवा असं भोक पुन्हा विणून काढायचं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा सासूने शिकवलं. आता सासूचे हात थरथरतात. आमच्याकडे रफूचं काम महिन्यातून एखादं. बाकी वेळ पाहुणी टिपा उसवायची, कड दुमडायची, इस्त्री करायची. काकू म्हणायच्या, "रफूवाली ती, एक दिवस रफूचक्कर होईल." भाषा तिला बऱ्यापैकी यायला लागली होती, म्हणजे टोमणे कळण्याइतकी. फक्त सुई तिच्या तोंडी पुल्लिंगी होती आणि कोट स्त्रीलिंगी. मी टोकायचे. खोड आहे ती माझी.

तर त्या सोमवारी तिने माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. तीन आठवडे पिशवीत घेऊन फिरत होती, मास्तरची पट्टी सुटायची वाट बघत. असला भिडस्तपणा मला सहन होत नाही. फॉर्म वाचला. दोघींचा राहण्याचा परवाना त्याच शुक्रवारी संपत होता. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत मालकाच्या सहीचा फॉर्म कचेरीच्या खिडकीवर पोचला, तर परवाना तीन वर्षांनी वाढणार. नाही तर महिन्याच्या आत निघायचं. मालकाने लिहून द्यायचं होतं की ही व्यक्ती माझ्याकडे खालीलपैकी कुशल काम करते. खाली चार चौकोन: शिंपी, कटर, मशीन कारागीर, इस्त्री कारागीर. रफू कुठेच नव्हतं. अगदी तळाशी 'इतर' होतं, त्यापुढे 'पुराव्यासह'.

मी मास्तरला म्हटलं, "कटरवर खूण करते. इथे सही कर."

"ती कटर नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

"अरे, तिचं सगळं बिऱ्हाड त्या खुणेवर आहे."

"म्हणून तर खोटी करत नाही," तो म्हणाला. "उद्या कुणी तपासायला आलं, तर तिला दारातून परत नेतील. कापून दाखवू दे. कापलं तर कटर, मी दोन सह्या करतो."

टेबलावर तेव्हा एकच काम कापायचं राहिलेलं होतं. वकीलबाईंचा कोट. म्हणजे त्यांच्या वडिलांचा. वडीलही वकील, तो काळा कोट घालून तीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले, नुकतेच गेलेले. मुलीला शुक्रवारी पहिल्यांदा स्वतःची केस चालवायची होती आणि तो कोट अंगावर हवा होता. पाठ, बाह्या, खांदे मास्तरने ऑपरेशनआधी कमी करून ठेवले होते. छातीवर पुढे वळते ती पट्टी, लॅपल, तेवढी जुन्या पद्धतीची रुंद होती. ती अरुंद करायची राहिली होती. खडूची खूणही त्यानेच करून ठेवलेली. कापड असं की ते विणणारी गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली. तोच कोट परीक्षेला का दिलास, असं मी त्याला नंतर खूपदा विचारलं. म्हणतो, तोच टेबलावर होता.

मंगळवारी सकाळी पाहुणीने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. काकूंनी काज अर्धवट सोडून मान वळवली. मास्तर खुर्चीत, तोंड टेबलाकडे.

"खडू दिसतोय?"

"दिसतो."

"ती तयार कड. तिच्या बाहेर दोन सूत ठेवा आणि कापा."

"दोन सूत?"

"दोन सूत."

तिने भिंग घेतलं. खडूवर वाकली आणि इतका वेळ वाकून राहिली की मास्तर म्हणाला, "झोपलात का?" मग कात्रीचा आवाज सुरू झाला, अगदी हळू. मला वाटलं, नवशिकी आहे, घाबरली असेल.

काकू उठून जवळ गेल्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "ही खडूवरूनच चाललीय."

"थांबा."

कात्री थांबली. तोवर चार बोटं कापून झालं होतं. कापलेली पट्टी जिभेसारखी लोंबत होती. मास्तर चाचपडत टेबलापाशी आला, कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा तिथेच ठेवून उभा राहिला.

"किती ठेवलंत?"

"दोन सूत. मी मोजलं."

"सूत दाखवा मला."

तिने सुई घेतली आणि सुईच्या टोकावर कापडातला एक दोरा उचलून धरला.

आता हे सांगायला हवं. शिंपी, सुतार, गवंडी, सगळ्यांच्या तोंडी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सुतांचा इंच. मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, मास्तरच्या तर हाडात मुरलेलं. तिला सांगावं असं कुणालाच सुचलं नाही, कारण दोन वर्षांत तिला कुणी माप सांगितलंच नव्हतं; तिला सांगायचे ते 'हे दुमड, ते दाब'. आणि तिला सूत म्हणजे दोरा. आमच्या शब्दकोशातही तोच अर्थ पहिला आहे. तिने पाव इंचाच्या जागी मोजून दोन दोरे सोडले होते.

कुणी हसलं नाही. काकूसुद्धा नाहीत.

"आत दुमडायला कापडच नाही," मास्तर म्हणाला. ते माझ्यासाठी होतं. "आणखी आत घेऊन कापलं, तर एकीकडची लॅपल रुंद, एकीकडची अरुंद. दोन्ही आत घेतल्या तर पुढचं बटण बसणार नाही."

"कडेने पट्टी लावा की. रेशमी," काकू म्हणाल्या.

"वकिलाच्या कोटाला? कोर्टात बाजा वाजवायला चाललीय का ती?"

"मग नवं कापड..." मी म्हटलं आणि गिरणीचं आठवून गप्प बसले.

पाहुणी टेबलाच्या कडेला धरून उभी होती. "कोट खराब झाली," ती म्हणाली. मी टोकलं नाही. मग ती खाली वाकली, पुन्हा भिंग लावलं, लोंबणारी पट्टी बोटाने जागेवर नेऊन बघितली. "परत लावते."

"काय?"

"कापलेलं. दोरा दोरा. मग तुमची दोन सूत ठेवून कापा."

मास्तर म्हणाला, "तो जोड बरोबर कडेवर येणार. सगळ्या कोटात माणसाची नजर पहिल्यांदा जाते तिथे. तिथे कणभर जाडी आली तर आंधळ्यालासुद्धा कळेल. आणि आंधळा इथे मीच बसलोय."

"तुम्ही हात लावून बघा. कळलं तर सही नको."

हे तिने सरळ आवाजात सांगितलं. मला बघवेना. गुरुवारी पाचला वकीलबाई येणार होत्या.

"कोट दुकानाबाहेर जायचा नाही," मास्तर म्हणाला.

"मग मला ती खिडकी पाहिजे. आणि सासू."

खिडकी म्हणजे काकूंची जागा. दुकानाला उत्तरेची खिडकी ती एकच. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मास्तरकडे, त्याला अर्थात काहीच दिसत नव्हतं. "बावीस वर्षं," त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी उशी काखेत मारली आणि दारामागच्या स्टुलावर जाऊन बसल्या, पाठ करून.

सासूला मी टॅक्सीने आणलं. ठेंगणी, सुरकुतलेली, हातात सुयांचा पत्र्याचा डबा. आमच्या भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता. आल्या आल्या तिने कोट पाहिला, चार बोटं पाहिली आणि सुनेला जे बोलायला लागली, ते अर्धा तास. काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कळतंय हो सगळं. सासूच आहे."

मग काम सुरू झालं. सासू कोटाच्या आतल्या दुमडीतून दोरे ओढायची. हात थरथरायचा, पण दोरा बोटांच्या चिमटीत आला की थरथर थांबायची, सुटला की पुन्हा सुरू. ओढलेला दोरा ती पांढऱ्या कागदावर ठेवायची. सून तो सुईत ओवायची आणि जोडाच्या एका बाजूच्या कापडात अर्धं बोट आतपर्यंत, मूळ दोऱ्याच्या शेजारून नेऊन, पलीकडच्या बाजूला तसाच उतरवायची. गाठ नाही. एक दोरा झाला की दुसरा. चार बोटांत असे जवळजवळ दोनशे दोरे. काळ्यावर काळं. मी शेजारी उभी राहून पाच मिनिटं बघितलं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. माझी पावलं वाजत होती म्हणून सासूने हाताने मला बाजूला व्हायला सांगितलं. एकतीस वर्षं मी पोरांना गप्प केलं, मला कुणी केलं नव्हतं.

मंगळवारी सत्तर झाले. बुधवारी दुपारपर्यंत एकशे तीस. आणि तीनला आभाळ भरून आलं. खिडकीतला उजेड राखेसारखा झाला. पाहुणीने आणखी चार दोरे घातले, एक उलटा काढला, आणि सुई डब्यात ठेवली.

"काय झालं?" मास्तरने विचारलं. आवाजावरून त्याला सगळं कळायचं.

"उजेड गेला."

"मग दिवा लावा. टेबलावरचा मोठा."

"नाही."

"बाई, उद्या पाचला गिऱ्हाईक आहे. परवा तुमचा फॉर्म आहे."

"दिव्यात काळं खोटं दिसते. एक दोरा चुकला तर पुढचे सगळे चुकतात."

"मी सांगतोय दिवा लावा म्हणून."

"मास्तर, नाही."

दोन वर्षांत ती त्याला पहिल्यांदा नाही म्हणाली होती. मास्तरच्या मानेची शीर मला दिसली. मी मध्ये पडणार होते, कुणाच्या बाजूने ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात सासूने कोटावर पांढरं फडकं टाकलं, डब्याचं झाकण लावलं आणि सुनेला दंडाला धरून उठवलं. दोघी निघून गेल्या. मास्तरने त्यांची पावलं ऐकली. मग म्हणाला, "सकाळी सहाला दुकान उघड."

गुरुवारी आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं. ती माझ्या आधी येऊन पायरीवर बसली होती, सासू शेजारी. साडेअकराला शेवटचा दोरा ओढून झाला. तिने पाठ सरळ केली तर ती सरळ होईना. काकू स्टुलावरून उठल्या, पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. "अगं, पी आधी," त्या म्हणाल्या. आजवर 'पाहुणीबाई, जरा उठा' असं तिरकं बोलणाऱ्या काकू. मी ऐकलं आणि कोटाकडे बघत राहिले.

मास्तरने हात पुसले. डाव्या लॅपलवरून अंगठा नेला, खालून वर, वरून खाली. मग उजवीवरून, जिला कात्री लागलीच नव्हती. पुन्हा डावीवरून.

"कुठली बाजू?" त्याने विचारलं.

मला वाटतं, तेवढा एकच क्षण ती हसली.

"कापा आता," तो म्हणाला. "दोन सूत. म्हणजे पाव इंच."

या वेळी तिने मोजपट्टीने मोजून कापलं. काकूंनी स्वतः कड शिवली. इस्त्री पाहुणीने केली, आतून, ओलं फडकं घालून. पाचला दहा मिनिटं असताना कोट हँगरवर होता.

वकीलबाई आल्या. तिशीच्या, बारीक, घाईच्या. कोट घालून आरशापुढे उभ्या राहिल्या, कॉलर नीट केली. बाहीवरून हात फिरवला. "बाबांचाच वाटतोय," त्या म्हणाल्या, "आणि माझाही." मास्तरने मान हलवली. त्या पिशवी उचलून दाराकडे वळल्या.

"थांबा," पाहुणी म्हणाली.

मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने बघितलंच नाही.

"इथे मी चुकीचं कापलं," ती म्हणाली आणि वकीलबाईंच्या डाव्या लॅपलवर बोट ठेवून चार बोटं खाली आणलं. "मग परत विणलं. एक वर्ष इथे वरून इस्त्री नको. आतून, ओलं फडकं ठेवून. इस्त्रीवाल्याला सांगा."

"चुकीचं कापलं म्हणजे?"

"कात्री चुकली. माझी."

वकीलबाई मास्तरकडे वळल्या. "माझ्या वडिलांचा कोट तुम्ही शिकाऊ माणसाच्या हातात दिलात?"

"दिला," मास्तर म्हणाला.

"मला विचारलंत?"

"नाही."

त्या आणखी एक क्षण उभ्या राहिल्या. मग कोट अंगावर तसाच ठेवून निघून गेल्या. दार जोरात नाही लावलं, पण उघडंही नाही ठेवलं.

मी पाहुणीवर भडकले. "कुणी विचारलं होतं तुला? गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पहिली इस्त्री वरून झाली की दोरे उठतात," ती म्हणाली. "रफू मरते."

"आणि तू? तुझं काय?"

यावर तिने फक्त टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे वेचायला घेतले.

शुक्रवारी सकाळी नऊला मी फॉर्म मास्तरपुढे ठेवला. "बोल, काय लिहू?"

"कटर नाही."

"कटर नको," पाहुणी म्हणाली.

"दोघांचं एकमत झालं, छान," मी म्हटलं. "घड्याळाकडे बघता का कुणी?"

"इतरवर खूण कर," मास्तर म्हणाला. "लिही, रफू. दोन दोऱ्यांच्या अंतरावरून चार बोटं सरळ कात्री आजवर मी कुणाची चाललेली बघितली नाही. माझीसुद्धा नाही." हे शेवटचं फॉर्ममध्ये बसेना, म्हणून नुसतं रफू लिहिलं. त्याने पट्टीखालून अंदाजाने सही केली. ती रेघ सोडून वर चढली.

कचेरीत अकरा वाजून गेल्यावर आमचा नंबर लागला. खिडकीमागे एक तरुण कारकून, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. फॉर्म वाचून म्हणाला, "रफू यादीत नाही."

"म्हणून तर इतर."

"इतरला पुरावा लागतो. कामाचा नमुना."

मी अंगावरची शाल काढली. कसर लागली होती, ती तिने मागच्या हिवाळ्यात भरली होती. कारकुनाने शाल उजेडात धरली. "कुठे आहे?"

पाहुणीने बोट ठेवलं.

"इथे काही नाही."

"नाहीच दिसणार," मी म्हटलं. "तेच तर काम आहे."

"बाई, चेष्टा करताय का? दिसत नाही, तर केलं कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मला जास्त राग आला. प्रयोगवहीत पोरांना मी हेच विचारायचे.

"ज्यांचं काम केलं त्यांचं लेखी आणा," तो म्हणाला. "काम छान झालं, असलं नको. काय बिघडलं होतं आणि काय केलं, ते. सहीनिशी. दोनला खिडकी बंद."

पाहुणीला पुन्हा रांगेत उभं करून मी टॅक्सी पकडली. काय बिघडलं होतं ते माहीत असलेलं एकच गिऱ्हाईक दोन वर्षांत होतं. बाकी सगळे आपापले कोट आणि शाली घेऊन गेले, कुठे भोक होतं ते विसरून.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाई भिंतीला टेकून कागद चाळत होत्या. अंगावर तोच कोट. मला बघून त्यांचा चेहरा बंद झाला.

"तुमच्या दुकानावर माझा राग आहे," त्या म्हणाल्या.

"ठेवा. राग ठेवूनच चार ओळी लिहून द्या." आणि मी सगळं सांगितलं, सूतसुद्धा. मला लांबण लावता येत नाही. दोन मिनिटं लागली.

त्यांनी लॅपलकडे मान खाली घातली. "काल घरी भिंग घेऊन बसले होते. डावीकडे म्हणाली होती ना ती?"

"डावीकडे."

"मी दोन्हीकडे शोधलं." त्यांनी कागद भिंतीवर धरला आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. "आले," त्या म्हणाल्या आणि लिहीतच राहिल्या. मला त्यांचा हात धरून पेन हलवावंसं वाटत होतं.

मी परत आले तेव्हा दोनला सोळा मिनिटं होती. रांगेत पाहुणी खिडकीपासून तिसरी होती. तिने चार जणांना पुढे जाऊ दिलं होतं, म्हणजे मी येईपर्यंत नंबर लागू नये. तिथेच उभी राहून दोन वाजता काय करणार होती, ते मी विचारलं नाही.

कारकुनाने कागद वाचला. मग पुन्हा वाचला, ओठ हलवत. त्यात लिहिलं होतं: 'माझ्या कोटाच्या डाव्या लॅपलला चार बोटं चुकीची कात्री लागली. ज्या बाईंकडून लागली त्यांनीच ती परत विणली आणि मी न विचारता मला जागा दाखवली. मला जागा माहीत असून ती सापडत नाही. परवानगी न घेतल्याबद्दल दुकानाविरुद्ध माझी तक्रार आहे. कामाविरुद्ध नाही.' खाली सही, सनदेचा नंबर.

"तक्रारीचं पत्र पुरावा म्हणून पहिल्यांदाच आलं," कारकून म्हणाला. फॉर्मला ते टाचलं, वहीत काहीतरी लिहिलं, परवाना काढला, लिहिला, शिक्का मारला आणि बाहेर सरकवला. "तीन वर्षं. पुढचे या."

मी एवढा मोठा श्वास सोडला की मागच्या माणसाने बघितलं. पाहुणीने परवाना उचलला. ती आमची अक्षरं बोट ठेवून वाचते. बोट एका ओळीवर थांबलं. तिने तो परत खिडकीतून आत सरकवला.

"हे काय?" कारकून म्हणाला.

"इथे इतर लिहिलं."

"बरोबर आहे. इतर."

"इतर नाही. रफू."

"एकच आहे ते."

"एक नाही."

दोनला सात मिनिटं होती. मागची रांग कुरकुरायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. ती हलली नाही. कारकुनाने शिक्का उचलला, खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्याने 'इतर' खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'रफु' लिहिलं. फ ला उकार ऱ्हस्व काढला त्याने. मी गप्प बसले.

त्याने कागद पुढे केला. तिने घेतला नाही. तिचं बोट पुन्हा त्या ओळीवर आलं.

"खोडलं तिथे सही करा," ती म्हणाली. "तुमची."

कारकुनाने पेन पुन्हा उघडलं.